बफेलो–पिट्सबर्गचा पोलिश धर्मप्रांत : मालकीचा वाद आणि उपासनेची भाषा

१

रोमन कॅथलिक चर्चपासून अमेरिकेत जे गट वेळोवेळी फुटून निघाले, त्यांपैकी बहुतेक अल्पायुषी ठरले. पोलिश स्थलांतरितांनी स्थापन केलेले ‘पोलिश राष्ट्रीय कॅथलिक चर्च’ हा त्याला ठळक अपवाद होय. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन हे या चर्चचे केंद्र असून त्याच्या धर्मप्रांतांपैकी बफेलो–पिट्सबर्ग हा एक आहे. पश्चिम न्यूयॉर्क, पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो हा त्याचा मुख्य प्रदेश, म्हणजे पोलाद कारखान्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा पट्टा होय.

या चर्चविषयी सामान्यतः असे सांगण्यात येते की, पोलिश लोकांना आपल्या भाषेत उपासना हवी होती, रोमने ती नाकारली, म्हणून ते वेगळे झाले. हे विधान सुटसुटीत असले तरी घटनाक्रमाशी जुळत नाही. फूट पडली ती प्रथम मालकीच्या प्रश्नावर. भाषा वेदीवर आली ती त्यानंतर. परंतु एकदा वेदीवर आल्यावर भाषेने मूळ वादाची जागा घेतली, आणि दोन पिढ्यांनंतर तीच भाषा या चर्चपुढील सर्वांत अवघड प्रश्न होऊन बसली. या स्थित्यंतराचे स्वरूप बफेलो–पिट्सबर्ग धर्मप्रांताच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेला पोलिश शेतकरी ज्या देशातून आला, त्या देशाला तेव्हा राज्य नव्हते. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची तीन वेळा वाटणी केली होती. बफेलो येथे प्रथम आलेल्या कुटुंबांपैकी बहुसंख्य प्रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागांतील होती. त्या भागातील पोझ्नान प्रांतात १८८७ मध्ये शाळांतून पोलिश भाषेचे शिक्षण बंद करण्यात आले. १९०१ मध्ये व्झेश्न्या येथील शाळकरी मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन भाषेत उत्तरे देण्यास नकार दिला आणि त्याबद्दल मार सोसला. राज्य नाही, शाळा परक्यांच्या हाती, अशा स्थितीत लोकांची स्वतःची म्हणता येईल अशी एकच संस्था उरते, ती म्हणजे देऊळ. समुद्र ओलांडून आलेल्या या लोकांनी मजुरीतून पैसे वाचवून आधी चर्चे उभारली, याचे कारण येथे आहे.

बफेलोतील पहिला पोलिश धर्मग्राम, संत स्तानिस्लाव यांच्या नावाचा, १८७३ मध्ये यान पितास या धर्मगुरूंनी स्थापन केला. वस्ती वाढत गेली तसे आणखी धर्मग्राम निघाले. १८८६ मधील संत अ‍ॅडलबर्ट हा त्यांपैकी एक. मात्र लोकांनी वर्गणीतून बांधलेल्या या वास्तूंवर कायदेशीर हक्क कोणाचा, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. अमेरिकन चर्चमध्ये तो नवा नव्हता. धर्मग्रामाच्या विश्वस्तांनी मालमत्ता ताब्यात ठेवून बिशपांशी झगडावे, असे प्रकार त्या शतकाच्या आरंभापासून घडत आले होते आणि त्यांतून गोंधळही पुष्कळ माजला होता. म्हणून मालमत्ता बिशपांच्या नियंत्रणाखाली असावी असे धोरण दृढ होत गेले, आणि १८८४ च्या बाल्टिमोर धर्मसभेने त्याला बळकटी आणली. बिशपांच्या दृष्टीने हा शिस्तीचा प्रश्न होता. खाणीत आणि भट्टीवर राबून पैसे दिलेल्या लोकांच्या दृष्टीने मात्र हे आपल्याच घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे होते. त्यात बिशप बहुधा आयरिश किंवा जर्मन वंशाचे असल्यामुळे कलहाला परकेपणाची धार चढली.

तथापि बफेलोतील संघर्ष केवळ आयरिश विरुद्ध पोलिश असा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. पितास स्वतः पोलिश होते आणि तेथील पोलिश समाजावर त्यांचे मोठे वर्चस्व होते. १८९५ मध्ये संत अ‍ॅडलबर्ट धर्मग्रामातील असंतुष्ट कुटुंबांनी बाहेर पडून ‘जपमाळेची पवित्र माता’ या नावाने स्वतंत्र धर्मग्राम काढला. त्यांचे आरंभीचे धर्मगुरू आन्तोनी क्लाविटर यांच्यानंतर, १८९६ मध्ये, स्तेफान कामिन्स्की यांच्याकडे नेतृत्व आले. आज ज्याला बफेलो–पिट्सबर्ग धर्मप्रांत म्हणतात, त्याच्या बफेलोकडील भागाचे मूळ या घटनेत आहे.

याच सुमारास स्क्रँटन येथे असाच कलह पेटला. १८९६ मध्ये तेथील पोलिश धर्मग्रामातील लोकांनी आपण बांधलेल्या चर्चच्या कारभारात वाटा मागितला. तो नाकारला गेल्यावर त्यांनी संत स्तानिस्लाव यांच्या नावाने नवे चर्च उभारले आणि १८९७ मध्ये फ्रांचिशेक होदुर या तरुण धर्मगुरूला बोलावून घेतले. होदुर यांचा जन्म १८६६ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमलाखालील पोलंडात झाला होता. १८९८ च्या आरंभी ते रोमला गेले. त्यांच्या अर्जातील मुख्य मागण्या अशा होत्या : चर्चची मालमत्ता ज्यांनी उभारली त्यांची असावी, तिचा कारभार लोकनियुक्त समितीने पाहावा, आणि लोकांच्या संमतीवाचून धर्मगुरू नेमला जाऊ नये. या मागण्या अमान्य झाल्या आणि त्याच वर्षी होदुर यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. अर्जातील मुख्य मागण्यांत मिस्सेच्या भाषेचा समावेश नाही, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३

रोमशी संबंध तुटल्यावर या गटांपुढे एक तात्त्विक पण अत्यंत व्यावहारिक अडचण उभी राहिली. कॅथलिक सिद्धांतानुसार धर्मगुरूला दीक्षा देण्याचा अधिकार बिशपाला असतो आणि बिशपाला पदाभिषेक दुसरा बिशपच करू शकतो. येशूच्या प्रेषितांपासून हस्तस्थापनेने अखंड चालत आलेली ही साखळी तुटली की नवे धर्मगुरू मिळणे थांबते, आणि पंथ एका पिढीत संपतो. म्हणून बंडखोर धर्मग्रामांना चर्च बांधण्यापेक्षा बिशप मिळवणे कठीण होते.

त्यासाठी दोन मार्ग उपलब्ध होते. पहिला युरोपातील ‘जुन्या कॅथलिकां’चा. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील चर्च अठराव्या शतकातच रोमपासून अलग झाले होते, आणि १८७० मध्ये पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत जाहीर झाल्यावर जर्मनी व स्वित्झर्लंडमधील काही कॅथलिक त्याच्याशी जोडले गेले. शिकागोतील स्वतंत्र पोलिश गटाचे नेते आन्तोनी कोझ्लोव्स्की यांचा अभिषेक या परंपरेतून १८९७ मध्ये बर्न येथे झाला.

दुसरा मार्ग अनपेक्षित रीतीने गोव्याकडून जातो. वेर्णा येथे १८३६ मध्ये जन्मलेले आन्तोनियो फ्रान्सिस्को शावियेर आल्वारिश हे गोमंतकीय धर्मगुरू, १८८६ च्या रोम–पोर्तुगाल करारामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील व सिलोनमधील पोर्तुगीज धर्माधिकार संकुचित झाल्यावर रोमशी झगडून वेगळे झाले. १८८९ मध्ये कोट्टायम येथे मलंकरा सीरियन बिशपांनी त्यांना बिशपपद दिले. याच आल्वारिश यांनी १८९२ मध्ये कोलंबो येथे जोसेफ रेने व्हिलात या फ्रेंच वंशाच्या, अमेरिकेत वावरणाऱ्या धर्मगुरूचा अभिषेक केला. आणि व्हिलात यांनी १८९८ मध्ये बफेलो येथे कामिन्स्की यांना बिशप केले. बफेलोच्या पोलिश मजुरांचा पहिला स्वतंत्र बिशप आपली प्रेषितीय परंपरा अशा प्रकारे एका गोमंतकीय बिशपाकडून आणि त्याच्यामार्फत मलबारच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेकडून सांगत होता. दोन्हीकडील तक्रारींची जातकुळीही एकच होती. श्रद्धेच्या कलमांवर वाद नव्हता. वाद होता तो अधिकार कोणी चालवावा यावर. आल्वारिश यांचे उर्वरित आयुष्य गोव्यात रुग्णसेवा व समाजकार्य यांत गेले. १९२३ मध्ये रायबंदर येथे त्यांचे देहावसान झाले.

या साखळीचे महत्त्व वाढवून सांगणे मात्र इष्ट नाही. व्हिलात यांनी दिलेल्या दीक्षांविषयी अनेकांना शंका होत्या आणि होदुर यांनी तो मार्ग टाळला. कोझ्लोव्स्की १९०७ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला उट्रेख्ट येथे आर्चबिशप गेरार्दुस गुल यांनी होदुर यांचा अभिषेक केला. कामिन्स्की १९११ मध्ये मरण पावले आणि १९१४ मध्ये ‘जपमाळेची पवित्र माता’ हा धर्मग्राम स्क्रँटनच्या चर्चला जोडला गेला. त्यानंतर बफेलोची परंपरा उट्रेख्टची झाली. १९२८ मध्ये बिशपपदावर आलेल्या यान झेनोन यासिन्स्की यांच्याकडे या प्रदेशाची धुरा आली आणि बफेलो व पिट्सबर्ग यांचा एक धर्मप्रांत आकाराला आला.

४

आता भाषेकडे वळता येईल. पोलिश धर्मग्रामांत, ते रोमशी एकनिष्ठ असतानाही, पोलिश भाषेला मज्जाव नव्हता. प्रवचन पोलिशमध्ये होई, पापनिवेदन पोलिशमध्ये होई, नाताळची गीते पोलिशमध्ये गायिली जात. वॉर्सा येथे १७०७ मध्ये रूढ झालेली ‘कटू विलाप’ ही उपवासकाळातील भक्ती संपूर्णपणे पोलिश होती. लॅटिन होती ती मिस्सा, म्हणजे वेदीवरचा मूळ विधी. अशी विभागणी मराठी वाचकाला अपरिचित नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले, परंतु ते ज्या भाविकांसाठी रचले गेले, त्यांची मिस्सा लॅटिनच राहिली. लोकभाषा उपदेशाला आणि गायनाला चालते, विधीला चालत नाही, हा संकेत दोन्हीकडे सारखाच होता.

बफेलो किंवा पिट्सबर्ग येथील कामगाराच्या भाषाव्यवहाराचे त्यामुळे तीन थर पडतात. घरी आणि कारखान्यात तो आपली प्रादेशिक बोली बोले. तीत दुकानाला ‘श्तोर’, मोटारीला ‘कारा’, खाणीला ‘मायना’ असे इंग्रजीतून घेतलेले आणि पोलिश विभक्तिप्रत्यय लावलेले शब्द झपाट्याने शिरत होते. प्रवचनात, गीतांत आणि वृत्तपत्रांत तो प्रमाण ग्रांथिक पोलिश ऐके व वाचे. वेदीवरून त्याला लॅटिन ऐकू येई. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये ‘द्विभाषिकस्तर’ या संकल्पनेने जी स्थिती वर्णिली, तिच्याशी या व्यवस्थेचे साम्य आहे : प्रत्येक भाषारूपाला ठरलेले कार्य, आणि कार्यांच्या प्रतिष्ठेची ठरलेली उतरंड.

होदुर यांच्या चर्चने या उतरंडीतील सर्वांत वरचा थर काढून टाकला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्क्रँटन येथे मिस्सा पोलिश भाषेत होऊ लागली. १९०४ च्या सप्टेंबरमध्ये तेथे भरलेल्या पहिल्या धर्मसभेत धर्मगुरू व सामान्य भाविक मिळून १४७ प्रतिनिधी जमले, आणि लॅटिन विधिग्रंथ पोलिशमध्ये आणण्याचा ठराव संमत झाला. १९०९ च्या धर्मसभेने देवशब्दाचे श्रवण आणि प्रवचन यांना संस्काराचा दर्जा दिला. या दोन निर्णयांचा एकत्र विचार केला पाहिजे. ऐकणे हाच संस्कार असेल, तर ऐकलेले समजणे ही केवळ सोय राहत नाही. ती संस्काराची अट बनते. मालकीच्या वादातून निघालेल्या पंथाला आपल्या बंडाचे धर्मशास्त्रीय समर्थन येथे सापडले. देऊळ ज्याचे त्याला त्यातील शब्द कळले पाहिजेत, असा मालकी आणि आकलन यांचा सांधा जुळला.

५

भाषांतराने अर्थाच्या बाजूनेही काही घडवून आणले. पोलिश भाषेत ‘पान’ हा शब्द ईश्वराला उद्देशून ‘प्रभू’ या अर्थाने वापरतात. तोच शब्द जमीनदाराला आणि मालकाला लागू होतो, आणि रोजच्या बोलण्यात कोणाही पुरुषाला आदराने संबोधतानाही तोच येतो. मराठीतील ‘धनी’ हा शब्द काहीसा जवळचा, पण व्याप्ती इतकी मोठी नाही. लॅटिन ‘दोमिनुस’ शेतकऱ्याच्या कानाला निव्वळ विधीतला ध्वनी होता. त्याच्या जागी ‘पान’ आला, तेव्हा गावातील मालक, कारखान्यातील साहेब आणि स्वर्गातील प्रभू हे एकाच शब्दात समोरासमोर उभे राहिले. खरा धनी कोण, हा प्रश्न विचारण्याची सोय भाषेनेच करून दिली.

चर्चच्या नावातील ‘राष्ट्रीय’ हे विशेषणही असेच तपासून घेण्याजोगे आहे. मूळ शब्द ‘नारोदोव्ही’. त्याचे नाम ‘नारुद’. हा शब्द ‘रुद’, म्हणजे कुळ किंवा जन्म, या धातुगटातील आहे. संस्कृत ‘राष्ट्र’ हा राज्य करण्याच्या अर्थाशी निगडित, तर ‘नारुद’ जन्माशी निगडित. त्याला व्युत्पत्तीने जवळचा शब्द शोधायचा तर तो ‘जन’ होय. ज्या लोकांना राज्य नव्हते त्यांनी स्वतःला ‘नारुद’ म्हणवून घेतले, यात विसंगती नाही. ‘राष्ट्रीय’ हा प्रतिशब्द रूढ असला तरी तो वाचताना ‘जनांचे’ हा अर्थ मनात ठेवावा लागतो. स्क्रँटनच्या चर्चने लिथुआनियन स्थलांतरितांच्या स्वतंत्र धर्मग्रामालाही आपल्यात जागा दिली, ती याच अर्थाने. प्रत्येक जनाला त्याची भाषा, हे तत्त्व केवळ पोलिशांपुरते नव्हते.

अडचण पुढे या तत्त्वातच निघाली. ‘प्रत्येकाला समजणारी भाषा’ आणि ‘प्रत्येक जनाची वडिलोपार्जित भाषा’ ही दोन तत्त्वे आहेत. १९०४ मध्ये ती एकरूप होती, कारण ज्याला पोलिश समजत होती त्याचीच ती वडिलोपार्जित भाषा होती. १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने स्थलांतरावर कडक मर्यादा घातल्या. पोलंडहून नवे भाषक येणे जवळजवळ थांबले, आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्या नातवंडांच्या बाबतीत ही दोन तत्त्वे एकमेकांपासून दूर जाऊ लागली. आयनार हाउगेन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील नॉर्वेजियन भाषेविषयी आणि जॉशुआ फिशमन यांनी १९६६ मध्ये तेथील स्थलांतरित भाषांविषयी जे दाखवून दिले, ते येथेही लागू पडते : भाषा घरातून आधी जाते आणि धर्मस्थळातून सर्वांत शेवटी. घरात न उरलेली भाषा देवळात राहिली, की ती तिथे लॅटिनची जागा घेते. आजोबांनी वेदीवरची लॅटिन आदराने पण न समजता ऐकली. नातू तसाच आजोबांची पोलिश ऐकू लागला.

होदुर १९५३ च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यानंतर काही वर्षांतच धर्मशिक्षणात आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी मिस्सेत इंग्रजीला वाव मिळाला. हा निर्णय दुहेरी पेचाचा होता. पोलिश सोडली तर ‘जनांचे चर्च’ या नावाला अर्थ काय, आणि पोलिश धरून ठेवली तर आकलनावर उभ्या असलेल्या संस्काराचे काय? त्यातच १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने रोमन चर्चमध्येही लोकभाषेतील उपासनेला अनुमती दिली. त्याच दशकात जशी वसईत मराठी मिस्सा सुरू झाली, तशी बफेलोतील रोमन धर्मग्रामांत पोलिश मिस्साही शक्य झाली. जे वैशिष्ट्य साठ वर्षे स्वतंत्र चर्चचे मानले गेले, ते आता शेजारच्या चर्चमध्ये विनासायास मिळू लागले.

६

तरीही हा धर्मप्रांत लयाला गेला नाही, आणि ही गोष्ट स्पष्टीकरण मागते. या चर्चने रोमपासून वेगळेपणाची जी इतर लक्षणे घडविली होती, ती भाषेवर अवलंबून नव्हती. धर्मग्रामाची मालमत्ता धर्मग्रामाची. कारभार निवडून दिलेल्या समितीचा. सर्वोच्च धर्मसभेत धर्मगुरूंबरोबर सामान्य भाविकांना मत. बिशपांची निवड त्या सभेकडून. आणि श्रद्धा व धर्मशिस्त या बाबी बिशपांच्या अधिकारात. १९२१ च्या धर्मसभेने धर्मगुरूंवरील ब्रह्मचर्याची सक्ती उठविली. या तरतुदी इंग्रजीतही तशाच चालतात. बफेलो–पिट्सबर्गचे बिशप थॅडियस झेलिन्स्की १९६९ मध्ये संपूर्ण चर्चचे प्रमुख बिशप झाले, तो काळ नेमका या भाषांतराचा होता.

ऱ्हास झाला, तो नाकारता येत नाही. पण त्याला भाषेइतकीच अर्थव्यवस्था कारण आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी पिट्सबर्ग परिसरातील पोलाद उद्योग कोसळला आणि बफेलोशेजारच्या लॅकवॉना येथील बेथलेहेम कंपनीचा प्रचंड कारखाना १९८३ च्या सुमारास बहुतांशी बंद झाला. तरुण कुटुंबे उपनगरांकडे आणि दूरच्या राज्यांकडे गेली. बफेलोतील सोबिएस्की रस्त्यावरील प्रमुख चर्चची वास्तू धर्मप्रांताने सोडली. ‘जपमाळेची पवित्र माता’ हा धर्मग्राम आता लँकॅस्टर या उपनगरात आहे, आणि जुन्या वास्तूत मशीद आहे. मजुरांनी वर्गणीतून बांधलेल्या वास्तूत आता दुसरे स्थलांतरित आपल्या उपासनेच्या भाषेत प्रार्थना करतात.

रोमशी असलेले वैरही निवळले आहे. १९९२ मध्ये स्क्रँटन येथे दोन्ही चर्चांनी एकत्र प्रार्थना केली, आणि पुढील वर्षी रोमने या चर्चच्या सदस्यांना काही संस्कार देण्याची मुभा मान्य केली. उलट, ज्या उट्रेख्टकडून बिशपपद मिळाले होते, त्या संघाशी असलेले नाते स्त्रियांच्या दीक्षेच्या प्रश्नावर २००३ मध्ये तुटले.

या इतिहासातून भाषाभ्यासकाला एक भेद काटेकोरपणे करता येतो. भाषा ही एखाद्या समूहाच्या मागणीचे कारण असू शकते, किंवा मागणीचे चिन्ह असू शकते. बफेलोच्या पोलिश कामगारांची मागणी आपल्या कष्टाच्या वास्तूवर हक्क मिळावा ही होती. पोलिश भाषा हे तिचे चिन्ह होते. चिन्ह इतके तेजस्वी ठरले की काही काळ तेच कारण वाटू लागले. भाषा क्षीण झाल्यावर समूहातून काय शिल्लक राहते, यावरून मूळ कारण कोणते होते याची पारख होते. येथे शिल्लक राहिली ती निवडून दिलेली समिती, तिच्या हातातील किल्ली आणि सभेतील मत. भाषिक निष्ठेवर उभ्या राहिलेल्या अन्य चळवळींचा अभ्यास करतानाही, भाषेमागे अशी कोणती किल्ली आहे, हे आधी शोधणे उचित ठरेल.